मिकुलेंकाचा तांब्याचा कूलर

माझ्या नवऱ्याला, लुबोरला, कुणाकडे काही मागता येत नाही. चाळीस वर्षं बसच्या डेपोत मेकॅनिक होता, इंजिनं उघडून बसवली, पण साहेबांकडे एक पाना मागायचा तर घरी येऊन माझ्यासमोर सराव करायचा. त्यामुळे आमच्या घरात जे काही मागून आणायचं असतं ते मी मागते. माझं नाव व्लास्ता. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. खरं तर लोकांची कातडी पातळ आहे.

निवृत्त झाल्यावर लुबोरने एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यातून एक जुनी, दोन दारांची कूपे गाडी बाहेर काढली. आमच्या तरुणपणी पोरं जिच्याकडे माना वळवून बघायची ती स्कोडा, इंजिन मागे आणि नाक चपटं. आत कोंबड्या अंडी घालत होत्या. लुबोरने ती धुतली, कापली, जोडली, इंजिनाची ताकद वाढवली आणि डोंगरावर पळवायला लागला. आमच्याकडे मोरावियाच्या डोंगरांत उन्हाळाभर या शर्यती असतात. गावचा घाटरस्ता दोन दिवस बंद करतात, वळणांवर पेंढ्याचे गठ्ठे लावतात, आणि एकेक गाडी एकटीच घड्याळाशी भांडत वर जाते. बायका खाली उभ्या राहून इंजिनाचा आवाज ऐकतात. आवाज चालू आहे तोवर नवरा आहे.

गेल्या सप्टेंबरात यावोर्नाच्या घाटात तो आवाज मध्येच तुटला.

गाडीचं इंजिन मागे, गिअरचा दांडा पुढे, आणि दोघांच्या मध्ये गाडीच्या पोटाखालून जाणारी एक लांब सळई. ती जुनी झाली की दांडा हातात ढिल्या दातासारखा हलतो. लुबोरला चौथ्यातून तिसरा गिअर हवा होता, हाताला लागला पहिला. मागची चाकं जागीच जाम झाली, गाडी गरकन फिरली आणि पार्श्वभाग दरीकडे करून गठ्ठ्यांत जाऊन बसली. एक गठ्ठा खाली गेला. तो कुठवर गेला ते मी नंतर जाऊन पाहिलं, आणि नसतं पाहिलं तर बरं झालं असतं. मग यंदा वसंतात दुसऱ्याच एका डोंगरावर तेल इतकं तापलं की पाण्यासारखं पातळ झालं, आणि चढावर इंजिन जागच्या जागी अडकलं. पुन्हा तीच मागची चाकं, पुन्हा जाम.

त्या रात्री मी सांगून टाकलं. "गिअरचा धड दांडा आणि पुढे नाकात तेल थंड करायचा कूलर. हे दोन्ही बसल्याशिवाय ही गाडी गॅरेजबाहेर काढलीस तर मी बहिणीकडे राहायला जाईन."

"जा," लुबोर म्हणाला. मग दोन दिवस काही बोलला नाही. म्हणजे त्याला पटलं होतं.

मिळवायचं कसं, हा प्रश्न होता. नवे भाग कितीही मिळतात, पण जुन्या गाड्यांच्या गटात त्याच काळातला भाग लागतो. तपासनीस टॉर्च घेऊन वाकून बघतात. म्हणून आम्ही जुन्या सामानाच्या बाजारांत हिंडलो. हे बाजार पहाटे शेतात भरतात. धुक्यात म्हातारे गाडीची डिकी उघडून बसलेले, पुढ्यात गंजलेले पंप, दिवे, आरसे. लुबोर प्रत्येक डिकीपुढे थांबायचा, भाग हातात घ्यायचा, उसासा टाकायचा आणि परत ठेवायचा. भाव मी विचारायचे.

एका म्हाताऱ्याने सॉसेज खाता खाता सांगितलं, "यावोर्नाच्या मिकुलेंकाकडे बघा. तरुणपणी अशीच गाडी पळवायचा. दांडा आहे त्याच्याकडे, शर्यतीचा, आखूड. आणि विमानातला तेलाचा कूलरसुद्धा असेल. त्या काळी सगळे भंगार विमानांतलेच चोरायचे. चांगला तांब्याचा असतो."

"देईल का?"

"बेद्रिख मिकुलेंका?" म्हातारा हसला. "सोडत नाही काही तो. कायदासुद्धा."

तेव्हा या बोलण्याचा अर्थ कळला नाही. तो यावोर्नाला गेल्यावर कळला. मिकुलेंका गावच्या सरकारमान्य भट्टीचा व्यवस्थापक होता. आमच्या डोंगरांत प्रत्येकाकडे आलुबुखाराची झाडं आणि प्रत्येकाला आपल्या झाडांची दारू हवी. पण घरी गाळायला बंदी आहे. फळं भट्टीवर न्यायची, कर भरायचा, माणशी ठरलेली तेवढीच दारू न्यायची. मिकुलेंकाच्या भट्टीत एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. दोन वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या स्लोवाचेकची घरातली लपवलेली भट्टी पकडून दिली होती. स्लोवाचेकचा तांब्याचा हंडा अधिकाऱ्यांनी गावासमोर हातोड्याने चेपला. तेव्हापासून स्लोवाचेक चर्चमध्येही त्याच्या मागच्या बाकावर बसत नाही.

त्याच्या घरी आम्ही ऑगस्टच्या शेवटी गेलो. दारात बूट काढले, त्याने कापडी चपला दिल्या. लुबोरला दिलेल्या चपला बायकी होत्या, तरी त्याने घातल्या. स्वयंपाकघरात दोन माणसं पत्ते खेळत बसली होती, भट्टीच्या समितीतली. मिकुलेंकाची बायको कुठे बाहेर होती. त्याने पेले भरले. आमच्याकडे कामासाठी आलेल्या पाहुण्याने काम लगेच काढायचं नसतं. आधी हवा, मग गुडघेदुखी, मग यंदाची फळं, आणि तिसऱ्या पेल्यानंतर काम. लुबोर दुसऱ्या पेल्यापर्यंत गुडघ्यांवरच होता. मला धीर निघेना.

"आम्हाला तुमचा गिअरचा दांडा हवाय," मी म्हटलं.

पत्तेवाले पत्ते खाली धरून बघायला लागले. लुबोरने डोळे मिटले.

मिकुलेंका मात्र खूष झाला. उंच, ताठ माणूस, पांढरे केस पाण्याने बसवलेले. "कोण पळवणार? तुम्ही?" त्याने लुबोरला विचारलं. "चला, दाखवतो."

गॅरेजात त्याने एका तेलकट कापडातून दांडा काढला, सोबत सळई, सांधे, सगळा संच. लुबोरने तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा बदलला. लग्नात माझा हात धरला होता तेव्हाही एवढा बदलला नव्हता. दांडा हलवला की खट्, खट्, जागच्या जागी. मध्ये काहीच नाही.

"न्या," मिकुलेंका म्हणाला. "नुसता पडून आहे. पळू दे."

हे झालं, पण मला दोन गोष्टी हव्या होत्या. मी इकडे तिकडे बघत होते. गॅरेजच्या मागे एक छोटी खोली होती, दार अर्धं उघडं. आत रिकाम्या टोपल्या, एक लाकडी पिंप, आणि पिंपावर खिळ्याला टांगलेला तांब्याचा कूलर. बारीक जाळीचा, दोन हातांत मावेल एवढा.

"आणि तो," मी बोट दाखवलं.

"तो नाही." मिकुलेंकाने दार ओढून घेतलं.

"का?"

"तो विकायचा नाही."

"मग दांड्याइतकाच पळू दे की तोही."

"बाई, नाही म्हटलं ना."

आता माझ्या डोळ्यांपुढे ते गठ्ठे होते आणि दरी होती. नाही म्हटलं की गप्प बसणारी मी नव्हे. परत स्वयंपाकघरात आलो तेव्हा मी पत्तेवाल्यांना ऐकू जाईल असं सुरू केलं. "गाडी विकून तीस वर्षं झाली म्हणता. मग कूलर कशाला ठेवलाय हो? टोपी अडकवायला?"

पत्तेवाला एक जण फिसकन हसला.

"व्लास्ता," लुबोर म्हणाला.

"नाही, मला कळू दे. माझा नवरा चढावर मरणार, आणि यांच्या खोलीत कूलर खिळ्याला झोपणार. उन्हाळ्यात काय याच्यावर पाय ठेवून बसता? की यात सूप गाळता?"

"दारू गाळत असेल!" दुसरा पत्तेवाला म्हणाला, आणि दोघं टेबलावर थापा मारून हसले. बेद्रिख मिकुलेंका आणि घरची दारू! त्यांच्या लेखी याहून मोठा विनोद नव्हता.

मिकुलेंका हसला नाही. त्याचे कान लाल झाले, मग मान. मला वाटलं, राग आला. बरं झालं, रागावलेला माणूस काहीतरी करतो. तो उठला, बाहेर गेला, बऱ्याच वेळाने कूलर घेऊन आला आणि टेबलावर ठेवला.

"न्या," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

लुबोरने त्या हातावर हात मारला. आमच्याकडे टाळी झाली की व्यवहार झाला. मग त्यावर शब्द काढायचा नसतो, ना घेणाऱ्याने, ना देणाऱ्याने. मी जिंकले होते. परतीच्या वाटेवर कूलर मांडीवर घेऊन बसले होते, आणि लुबोर गाडी चालवताना म्हणत होता, "कसं बोलतेस तू लोकांना." पण हसत होता.

घरी त्याने कूलर तपासला. एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून हवा भरली, बादलीत बुडवला. एक बुडबुडा आला नाही. फक्त जाळीत पांढरं काहीतरी बसलेलं होतं, पापुद्र्यासारखं. त्याने नखाने खरवडलं.

"रस्त्यावरचं मीठ," तो म्हणाला. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात, गाड्यांचे पत्रे खाऊन टाकतं ते. मला पटलं. मी ब्रश घेऊन निम्मं घासलंसुद्धा. निम्मं निघालं नाही.

यावोर्नाची शर्यत सप्टेंबरच्या मध्यावर. शनिवारी सरावाला पाऊस होता. लुबोर जपून गेला, जपून आला, दांड्याचं कौतुक करत राहिला. तेल तापलंच नाही. रविवारी मात्र लख्ख ऊन पडलं, रस्ता वाळला, आणि सगळा डोंगर माणसांनी भरला. खाली कुरणात गाड्यांचा तळ होता. भाजलेल्या सॉसेजचा वास, मोहरीची चटणी, बिअरचे प्लास्टिकचे पेले, आणि झाडाझाडाला बांधलेल्या लाउडस्पीकरमधून एक माणूस सगळ्या दरीला ऐकू जाईल असा बडबडत होता.

लुबोर रांगेत जाऊन उभा राहिला, इंजिन चालू ठेवून. वरच्या वळणावर कुणाचं तरी चाक निखळलं होतं, म्हणून रांग थांबली होती. मी आमच्या व्हॅनमध्ये कॉफीसाठी पाणी ठेवलं. इथल्या विहिरीचं पाणी मला कॅनमध्ये भरून दिलं होतं. कालपासून तेच उकळत होते. झाकण काढलं तर किटलीच्या तळाशी पांढरा पापुद्रा धरलेला. नखाने खरवडला. निम्मा निघाला.

मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले.

शर्यतीची गाडी हिवाळ्यात कोण काढतं? मीठ तिला कुठून लागणार? ही चुनखडी होती. गरम वस्तू विहिरीच्या पाण्यात बुडवून ठेवली, पुन्हा पुन्हा ठेवली, की तिच्यावर अशी चुनखडी धरते. आणि आमच्या डोंगरांत तांब्याची कुठली गरम वस्तू वर्षानुवर्षं पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हंड्यातून निघालेली वाफ त्या जाळीतून जाते, थंड होते, आणि दुसऱ्या टोकाने दारू ठिबकते. पत्तेवाला थट्टा करत नव्हता. म्हणजे तो करत होता, पण खरं बोलत होता.

पहिल्यांदा मला हसूच आलं. तो ताठ मिकुलेंका! स्लोवाचेकचा हंडा चेपायला लावणारा! मग हसू जिरलं. दारूच्या वाफेला जोर नसतो. गळकं भांडं पाण्यात बसलं आणि वरून काही थापलं तरी वाफेपुरतं भागतं. गरम तेल मात्र जोराने जातं. ज्या माणसाने हे लपवलं त्याने आणखी काय लपवलं असेल? आणि बाहेर जाऊन तो एवढा वेळ काय करत होता?

मी धावले. माझ्या वयाला शोभत नाही, पण धावले.

सुरुवातीच्या रेषेजवळ पाहुण्यांचं टेबल होतं. सरपंच, त्यांची बायको, पोलीस बाई, आणि मिकुलेंका. विजेत्याला भट्टीची बाटली त्याच्या हस्ते मिळणार होती. ती पुढ्यात होती, गळ्यात फीत बांधलेली. दोन बाकं सोडून स्लोवाचेक पाठ करून बसला होता. मी मिकुलेंकाच्या कानाशी वाकले.

"तो कूलर पाण्यात होता," मी म्हटलं.

"काय?"

"पिंपात. मला त्याचं काही देणंघेणं नाही. तुम्ही त्यात काय गाळता ते मला ऐकायचं नाही. एवढंच सांगा, तो कुठे फुटला होता का? कुठे चिकटवलाय का?"

त्याने समोर बघितलं. सरपंच आमच्याकडे वळले. "काय म्हणतायत बाई?"

"काही नाही," मिकुलेंका म्हणाला. "गाडीचं काहीतरी."

"माझा नवरा आत्ता वर जाणार आहे," मी म्हटलं.

त्याच्या कपाळावर घाम होता. मग तो मोठ्याने, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चांगला आहे तो कूलर. मी वाईट वस्तू देत नाही कुणाला."

पोलीस बाईने मान हलवली. सगळ्या गावाला माहीत होतं, मिकुलेंका वाईट वस्तू देत नाही.

मी रांगेकडे गेले. लुबोर आता पहिला होता, रेषेवर. हेल्मेट घातलेलं, पट्टे आवळलेले. मी खिडकीत तोंड घातलं आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडले, "उतर! तो कूलर दारूचा आहे!"

"कसला?"

"दारूचा! त्याने त्यात दारू गाळलीय! काहीतरी लपवतोय तो!"

"तू विचारलंस त्याला?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

खोटं बोलायला हवं होतं. त्या क्षणी मला सुचलं नाही. "चांगला आहे म्हणाला."

"मग झालं की!" लुबोर ओरडला. "टाळी दिलीय त्याने, व्लास्ता! मी बुडवून बघितलाय! बाजूला हो, बाई, माझा नंबर आहे!"

"लुबोर, थंड होता तेव्हा तो!"

पण रेषेवरच्या माणसाने माझा दंड धरला होता आणि मला मागे ओढत होता. तो तरुण होता, नारिंगी जाकिटातला, कानावर मायक्रोफोन. माझ्यासारख्या बायका त्याला रोज भेटत असणार. लाउडस्पीकरने आमचं नाव घेतलं, गाडीचं वर्ष घेतलं, लुबोरच्या वयावर एक विनोद केला. लोक टाळ्या वाजवत होते. मी त्या पोराच्या हाताला चावले असते, पण त्याने काय थांबणार होतं? वर पाच वळणं होती आणि तिसऱ्यानंतर दरी. कूलर नाकात होता, म्हणजे चाकांच्या पुढे. तिथून सांडलेलं तेल त्याच्याच चाकांखाली येणार होतं. लाल दिवा लागला. लुबोरने पहिला गिअर टाकला, खट्, मला इथून ऐकू आलं.

आणि गाडीसमोर मिकुलेंका उभा होता.

तो कधी उठला, कधी आला, मी पाहिलं नाही. रविवारचा कोट घातलेला तो माणूस दोन्ही हात पसरून नाकापुढे उभा होता. इंजिन गुरगुरत होतं. लोकांना वाटलं, काही गंमत आहे. कुणीतरी शिट्टी मारली.

"बाजूला व्हा!" नारिंगी पोरगा धावला. "अहो आजोबा, बाजूला व्हा!"

"बंद कर इंजिन," मिकुलेंका लुबोरला म्हणाला.

"असं कसं बंद कर? कारण सांगा," पोरगा म्हणाला. "कारण नसेल तर त्यांची फेरी बाद होईल. मला वर कळवावं लागतं."

पोराचा मायक्रोफोन चालू होता. त्याचा शब्दन् शब्द झाडाझाडावरून येत होता. 'वर कळवावं लागतं' हे दरीत फिरून परत आलं. मिकुलेंकाने मान वर करून लाउडस्पीकरकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तो पोराला बाजूला घेऊन कानात सांगू शकला असता. मला वाटतं, तेवढा वेळ आपल्याकडे नाही असं त्याला वाटलं, किंवा एकदा कानात सांगितलं तर पुन्हा मोठ्याने सांगता येणार नाही, असं.

"कूलर फुटका आहे," तो म्हणाला. डोंगर म्हणाला, फुटका आहे. "हिवाळ्यात त्यात पाणी राहिलं, गोठलं आणि तो खालून फाटला. मी डाग देऊन झाळला नाही, वरून चिकट लांबी भरली. दोन नळ्यांतली, मिसळून लावतात ती. पट्टीच्या आड आहे, दिसत नाही."

"अहो, पण फुटक्या कूलरला तुम्ही..." पोरगा गोंधळला.

"गाळायला तेवढी पुरते," मिकुलेंका म्हणाला. "मी घरी दारू गाळतो. नऊ वर्षं."

लाउडस्पीकरवरचा बडबड्या गप्प झाला. मी तो दिवसभरात पहिल्यांदाच गप्प झालेला ऐकला. सॉसेजच्या टपरीवर कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. स्लोवाचेक वळून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असेल असं वाटलं होतं मला. तो नव्हता. तो घाबरल्यासारखा दिसत होता.

लुबोरने इंजिन बंद केलं.

गाडी ढकलून बाजूला घेतली. लुबोर नाकाखाली आडवा झाला, पट्टीचे दोन बोल्ट काढले आणि हात बाहेर काढला. बोटं तेलाने भिजलेली होती. गाडी अजून एक वळणही चढली नव्हती, नुसती रांगेत उभी राहून तापली होती. त्याने पुन्हा हात घातला आणि अंगठ्याने लांबी दाबली. ती शिजलेल्या बटाट्यासारखी आत गेली. तो बाहेर आला, गवतावर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेतलं.

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग आणखी एक घातला. "टाळी दिलीय म्हणे! टाळी!" मग त्याचं डोकं पोटाशी धरून मी ढसाढसा रडले, सगळ्या तळासमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही. त्याच्या केसांना तेलाचा आणि घामाचा वास येत होता. असाच येऊ दे, मी मनात म्हणत होते, मरेपर्यंत असाच घाण येऊ दे.

बाकीच्या गाड्या एकामागून एक वर गेल्या. शर्यत थांबत नसते. पोलीस बाई मिकुलेंकाशी बोलल्या, हळू आवाजात, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. ते पिंप आणि हंडा बघायला सोमवारी माणसं येतील, हात लावू नका, असं काहीतरी. त्याने खिशातून भट्टीच्या किल्ल्या काढल्या आणि सरपंचांपुढे ठेवल्या. सरपंच म्हणाले, "अहो, उद्या बघू." तो म्हणाला, "नाही, आजच घ्या." बक्षिसाची बाटली शेवटी सरपंचांच्या बायकोने दिली.

संध्याकाळी तंबू उतरवायला लागले तेव्हा तो कुरणाच्या कडेला एका बाकावर एकटाच बसलेला दिसला. लोक येता जाता त्या बाकाला वळसा घालत होते. मी एका ताटलीत सॉसेज, मोहरीची चटणी आणि पाव घेतला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"भूक नाही," तो म्हणाला.

"मग खाऊ नका. मी नुसती बसते."

बसलो. मग मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुम्हाला तेवढं टोचून बोलायला नको होतं."

"तुम्ही बोललात म्हणून नाही दिला मी," तो म्हणाला. "ते दोघं हसले म्हणून दिला. कूलर घरात राहिला असता तर त्यांना संशय आला असता." तो आपल्या हातांकडे बघत होता. "बाहेर गेलो तेव्हा मी त्या लांबीवरून काळा रंग फिरवला. वाळेपर्यंत फुंकर घातली. आणि मग तुमच्या नवऱ्याला टाळी दिली."

ताटली माझ्या हातात होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. खरंच वाटलं. माझा हात उचललाही गेला असेल.

"आज तुमचं नाव पुकारलं," तो म्हणाला, "तरी मी बसूनच होतो, बाई. म्हणत होतो, कदाचित टिकेल. लाल दिवा लागला तरी म्हणत होतो, टिकेल."

"उठलात ना पण."

"हो," तो म्हणाला. "पण मी ठरवून उठलो नाही. तेच मला कळत नाही. मी ठरवलं होतं बसायचं."

खालून लुबोर हाका मारत होता. गाडी ट्रेलरवर चढवायची होती आणि एकट्याने होत नव्हती. मी ताटली त्याच्या मांडीवर ठेवली, काटा त्याच्या हातात दिला, आणि तो पहिला घास घेईपर्यंत तिथेच उभी राहिले.